नाकाचं हाड वाढत नाही

आमच्या शेजारचा एक मुलगा चाकणच्या कारखान्यात कामाला आहे. रात्रपाळी करून आला की दिवसा तोंड उघडं टाकून झोपायचा. मेडिकलमधून आणलेले थेंब नाकात घालायचा. पुढे पुढे थेंबांशिवाय श्वासच मिळेना. लोक म्हणत, ‘नाकाचं हाड वाढलंय. ऑपरेशन केलं तरी पुन्हा वाढतं.’ या भीतीत त्याची दोन वर्षं गेली.

खरं म्हणजे हाड वाढलेलं नसतं. दोन नाकपुड्यांमध्ये एक पडदा असतो; पुढे कूर्चेचा, मागे हाडाचा. जन्मतः, वाढीच्या वयात किंवा मार लागून तो एका बाजूला झुकतो. थोडाफार वाकडा तो बहुतेकांचा असतोच. त्रास नसेल तर त्याला हात लावायचं कारण नाही. थेंबांचं मात्र जपावं. ते सूज तात्पुरती उतरवतात; पण आठवड्याच्या वर वापरले की उलट जास्त सूज आणतात.

शस्त्रक्रियेत चेहऱ्यावर छेद नसतो. नाकपुडीच्या आतून अस्तर अलगद उचलतात, वाकलेली कूर्चा सरळ करतात, आड येणारं हाड काढतात आणि अस्तर जागच्या जागी बसवतात. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीअर आणि किलियान यांच्या पद्धतीत पडद्याचा बराच भाग काढून टाकत. आता शक्य तेवढा राखतात, कारण नाकाचा आधार तोच.

नाकाच्या शस्त्रक्रियेशी पुण्याचं नातं जुनं आहे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. ही हकिगत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं १७९४ साली छापली.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नाक शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. धुळीची ॲलर्जी असेल तर ती यानं जात नाही. तिचं औषध वेगळं. आधी नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवावं. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातही हा विभाग आहे.

नाक चोंदलं की ‘म’चा ‘ब’ होतो. तो मुलगा मला ‘मामा’ म्हणायचा, ऐकू यायचं ‘बाबा’. शेवटी त्यानं शस्त्रक्रिया करून घेतली. महिन्याभरानं जिन्यातून हाक आली, ‘मामा!’ स्वच्छ, दोन्ही ‘म’ जागेवर.