नारंगी ते नारांखा : परदेशातली मुलं, स्पॅनिश भाषा आणि आपण

काटोलमध्ये बोलायला उभं राहायचं आणि संत्र्याचं नाव घ्यायचं नाही, असं होणार नाही. तेव्हा सुरुवात तिथूनच करू. स्पॅनिशमध्ये संत्र्याला 'नारांखा' म्हणतात. संस्कृतातला 'नारंग' फारसीत गेला, तिथून अरबीत आणि अरबांबरोबर स्पेनला पोचला. म्हणजे आपल्या पोरांना जी भाषा एकदम परकी वाटते, तिच्यात आपल्या बागेतला एक शब्द शेकडो वर्षांपासून नांदतो आहे.

आजचा विषय असा. परदेशात शिकायला गेलेला आपला मुलगा किंवा मुलगी तिथल्या लहान मुलांमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करते आणि ते करता करता स्पॅनिश शिकते. यातून काय साधतं, आणि काळजी कुठे घ्यायची, हे आपण पाहू.

याआधी कुणी असं केलं आहे का? आपल्या शेजारच्याच माणसाचं उदाहरण आहे. पांडुरंग खानखोजे वर्ध्याचे. स्वातंत्र्याच्या ध्यासाने देश सोडला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीच्या पहिल्या फळीत होते. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत इराणपर्यंत लढायला गेले. 1924 मध्ये मेक्सिकोला पोचले तेव्हा वय चाळिशीच्या आसपास. हातात पैसा नाही, आणि देशाची भाषा स्पॅनिश. पुढे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्यावरचं त्यांचं संशोधन स्पॅनिशमध्ये छापलं गेलं.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं काम वेगळंच. गरीब शेतकरी कुटुंबांसाठी त्यांनी मोफत कृषी शाळा उभ्या करायला मदत केली. दिएगो रिव्हेरा या मोठ्या चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी वाटून खाणाऱ्या पंक्तीचं चित्र काढलं. त्यात पंक्तीच्या प्रमुखाच्या जागी बसलेला माणूस म्हणजे आपले खानखोजे. शेवटी ते नागपूरला परतले आणि 1967 मध्ये तिथेच गेले.

यातून आम्ही एक गोष्ट घेतो. भाषा आधी पूर्ण शिकून मग लोकांत जायचं, असा क्रम नसतो. काम घेऊन लोकांत जायचं. भाषा कामाच्या मागे येते.

आता बघा, मराठी माणसाला स्पॅनिश वाटते तितकी अवघड का नाही. पहिली गोष्ट उच्चारांची. स्पॅनिशचा 'त' आणि 'द' आपल्यासारखाच दातांना जीभ लावून होतो. इंग्रजीवरून येणाऱ्याला तो मुद्दाम शिकावा लागतो. स्वर पाचच, आणि जसं लिहिलं तसं बहुतेक वाचायचं. दुसरी गोष्ट लिंगाची. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' म्हणताना आपण विशेषण बदलतो. तिथेही 'बुएन निन्यो, बुएना निन्या'. आपल्याकडे लिंगं तीन, त्यांच्याकडे दोनच. शिवाय 'मी जातो, मी जाते' हा फरकही नाही. दोघांसाठी एकच 'बॉय'.

तिसरी गोष्ट सगळ्यात गोड. आपण म्हणतो, 'मला संत्री आवडतात.' यात क्रियापद 'मी'प्रमाणे चालत नाही, संत्र्यांप्रमाणे चालतं. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्तान लास नारांखास', अगदी तीच रचना. इंग्रजीतून विचार करणारा इथे अडखळतो, मराठीतून विचार करणारा सरळ पुढे जातो. म्हणून आमचं सांगणं, स्पॅनिश शिकताना मधे इंग्रजीचा पूल बांधू नका.

अडचणी नाहीत असं नाही. 'आहे' या एका शब्दासाठी त्यांच्याकडे दोन क्रियापदं. 'एस्तॉय आबुरिदो' म्हणजे मला कंटाळा आलाय. पण 'सॉय आबुरिदो' म्हटलं की मीच कंटाळवाणा माणूस! मोठ्यांसमोर हे चुकलं तर ते सभ्यपणे ऐकून घेतात. लहान मुलं खदखदून हसतात, आणि ती चूक आपल्याकडून पुन्हा होत नाही.

मुलांपाशी भाषा लवकर का येते, याचं उत्तर इथेच आहे. मुलं छोटी वाक्यं बोलतात. दे, बस, बघ, माझी पाळी, तुझी पाळी. तीच गोष्ट दहादा ऐकायची असते, त्यामुळे तेच शब्द दहादा कानावर पडतात. वस्तू समोर असते, म्हणून अर्थासाठी शब्दकोश उघडावा लागत नाही. पण एक मर्यादाही सांगायला हवी. खेळाच्या अंगणातली भाषा विद्यापीठातल्या निबंधाला पुरत नाही. त्यासाठी वर्ग, व्याकरण, वाचन लागतंच. दिल्लीत स्पॅनिश सरकारची सेर्वांतेस संस्था आहे, डेले परीक्षाही तीच घेते. जाण्याआधी निदान पहिली पायरी इथेच चढून जावी.

आता मुख्य मुद्दा. ती मुलं म्हणजे आपली सराव-वही नव्हे. आपल्याला भाषा हवी, बायोडाटामध्ये एक ओळ हवी, फोटो हवेत. पण त्या मुलाला काय मिळालं? अनाथाश्रमात पंधरा दिवस राहायचं, मुलांना कडेवर घ्यायचं, लळा लावायचा आणि विमानात बसायचं. मग दुसरा स्वयंसेवक येतो, तोही जातो. आधीच कुणीतरी सोडून गेलेल्या मुलाला आपण पुन्हा पुन्हा तोच अनुभव देतो. काही देशांत तर पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून आईबाप जिवंत असलेली मुलंही अशा ठिकाणी ठेवली जातात. पैसे घेऊन 'मुलांसोबत एक आठवडा' विकणाऱ्यांपासून म्हणूनच लांब राहा.

मग करायचं काय? शाळेनंतरचा अभ्यासवर्ग, वाचनालयातला गोष्टींचा तास, खेळाचं मैदान अशी कामं निवडा, जिथे मूल संध्याकाळी आपल्या घरी जातं आणि जबाबदार शिक्षक हजर असतात. आठवड्यातून दोनच तास द्या, पण वर्षभर द्या. जाण्याची तारीख मुलांना आधी सांगा. परवानगीशिवाय फोटो नको.

कागदपत्रंही सांभाळा. स्पेनमध्ये मुलांसोबत नियमित काम करणाऱ्याला, स्वयंसेवकालासुद्धा, लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेली नाही असा दाखला कायद्याने द्यावा लागतो. परदेशी माणसाकडे मायदेशाचा दाखलाही मागतात. आपल्याकडे पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मिळतं. याचा राग मानू नका. आपल्या लेकराजवळ कुणी अनोळखी माणूस आला तर आपण त्याला विचारणारच ना, बाबा तू कोण, कुठला? तेवढंच ते विचारताहेत.

शेवटी एक सांगून थांबतो. तिथल्या मुलांनी आपल्याला 'नारांखा' शिकवलं, तर आपणही त्यांना 'नारंगी' शिकवावी आणि हा शब्द कुठून कुठे चालत आला ती गोष्ट सांगावी. म्हणजे देणंघेणं बरोबरीचं होतं. आणि हे सगळं करायला स्पेनलाच जावं लागतं असंही नाही. संत्र्याच्या तोडीला आणि कापसाच्या वेचणीला बाहेरगावची कुटुंबं आपल्या भागात येतात, त्यांची लेकरं बांधावर बसलेली असतात. त्यांची बोली शिकायची आणि त्यांना अक्षरं शिकवायची, एवढा सराव काटोलमध्ये ज्याने केला, तो जगात कुठेही मुलांमध्ये नीट वागेल.