माझ्याच लेकराला का?
लेखमाला : श्रद्धांचा भूगोल (भाग 6)

मागच्या भागात घानामधल्या अकान लोकांची गोष्ट आली होती. आभाळ पूर्वी हाताला लागेल इतकं खाली होतं आणि देव तिथेच राहायचा. एक म्हातारी रोज उखळात कंद कांडायची, तिचं मुसळ सारखं देवाला लागायचं. शेवटी वैतागून तो वर निघून गेला. असा दूर गेलेला देव दुष्ट नसतो, पण रोजच्या दुखण्याखुपण्यात तो लक्षही घालत नाही. मग ताप, वांझपण, मेलेली गुरं, बुडालेलं पीक हे सगळं येतं कुठून?

देवाच्या तोडीचा शत्रू, म्हणजे सैतान, बहुतेक आफ्रिकी परंपरांत नव्हताच. तो मिशनऱ्यांबरोबर आला. योरुबांचा एशू हा चौकातला, खोड्या काढणारा, माणसांचे निरोप देवांकडे पोचवणारा देव. मिशनऱ्यांनी त्यालाच सैतान ठरवून टाकलं. केनियाचे धर्मशास्त्रज्ञ जॉन म्बिती यांनी 1969 सालच्या आपल्या ग्रंथात जे मांडलं त्याचा सारांश असा: खेड्यातल्या माणसाच्या लेखी वाईट गोष्ट योगायोगाने घडतच नाही, तिच्यामागे कुणीतरी असतं. पूर्वज रुसलेले असतील, कुणी नियम मोडला असेल, आणि बऱ्याचदा शेजारच्या घरातल्या कुणाचं तरी मन आपल्याविषयी साफ नसेल.

हे वाचून गोंदियातला वाचक फारसा दचकणार नाही.

इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड 1926 ते 1930 या काळात सुदानच्या दक्षिणेकडच्या अझांदे लोकांत राहिले आणि 1937मध्ये त्यांच्या जादूटोण्याच्या समजुतींवर पुस्तक लिहिलं. त्यातलं कोठाराचं उदाहरण आजही शिकवलं जातं. खांबांवर उभारलेल्या धान्याच्या कोठाराखाली माणसं दुपारची सावलीला बसतात. एक दिवस कोठार कोसळतं आणि खालची माणसं जखमी होतात. खांब वाळवीने पोखरले होते हे अझांदेंना पक्कं ठाऊक असतं. माणसं सावलीला बसली होती हेही ठाऊक असतं. त्यांचा प्रश्न पुढचा आहे: नेमकी हीच माणसं बसलेली असताना, नेमक्या त्याच घडीला ते का पडलं? आपण ‘योगायोग’ म्हणतो आणि गप्प बसतो. अझांदे म्हणतात, मांगू.

मांगू ही त्यांच्या मते पोटातली एक वस्तू. बापाकडून मुलाकडे आणि आईकडून मुलीकडे जाणारी. ज्याच्या पोटात ती आहे त्याला पत्ताही नसू शकतो, तिच्यासाठी मंत्र लागत नाही, मनातला हेवा पुरतो. मुळ्या, पाले आणि मंत्र वापरून मुद्दाम केलेली जादू वेगळी. आपल्याकडेही हे दोन प्रकार लोक वेगळे धरतात. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा-देवरीच्या पलीकडे, छत्तीसगडात, ‘टोनही’ म्हटली जाणारी बाई नुसत्या नजरेने वाईट करते असं मानतात. ‘करणी’ला मात्र लिंबू, टाचण्या, केस, नखं असं सामान लागतं आणि करणारा कुणीतरी लागतो.

इथे थोडं थांबून एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आफ्रिकेचा धर्म’ म्हटलं की चेटूक डोळ्यांपुढे येतं, तसंच आपल्याकडे ‘गोंडांचा धर्म’ म्हटलं की मांत्रिक. दोन्हीकडे हा बाहेरच्या माणसाचा आळस आहे. सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळच्या कचारगडला माघ पौर्णिमेला जमणारी गर्दी करणी उतरवायला येत नाही. ती पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या दर्शनाला येते, कुळांची, देवांच्या संख्येवर बेतलेल्या गोत्रांची आणि नात्यांच्या नियमांची आठवण जागी ठेवायला येते. पर्सा पेन, म्हणजे मोठा देव, हा त्या धर्माचा गाभा. करणीची भीती हा त्याचा एक कोपरा, आणि तो कोपरा जिल्ह्यातल्या इतर जातींच्या घरांतही तितकाच आहे.

दुसरा गैरसमज उपचार करणाऱ्याबद्दलचा. इंग्रजांनी आफ्रिकेतल्या ज्या माणसाला चेटक्या वैद्य म्हटलं, तो खरं तर चेटकाविरुद्ध लढणारा. आपल्या शेजारी, बालाघाट-मंडल्याकडे, बैगा ही जमात गोंडांच्या गावांची पुजारी म्हणून काम करत आली. व्हेरिअर एल्विनच्या 1939 सालच्या ‘द बैगा’मध्ये या कामाचं तपशीलवार वर्णन आहे. गावाची शीव बांधायची, रोगराई बाहेर ठेवायची, वाघाचं तोंड बंद करायचं. हे गावाचं रक्षण. पण त्याच माणसाने दुखण्याचं कारण सांगताना एखादं नाव उच्चारलं की रक्षण संपतं आणि शिकार सुरू होते. माझ्या मते सगळा प्रश्न या एका क्षणात आहे.

आता आजाराकडे येऊ, कारण गोंदिया आणि आफ्रिका यांना जोडणारा एक धागा माणसाच्या रक्तातच आहे. सिकलसेल. पूर्व विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये तो मोठ्या प्रमाणावर आहे, इतर समाजही सुटलेले नाहीत. रक्तातली तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडं-सांधे असे दुखतात की पोर रात्रभर ओरडतं. मग कळ ओसरते आणि काही आठवड्यांनी पुन्हा येते. बाहेरून जखम नाही, सूज असेल किंवा नसेल. एकाच घरात दोन भावंडं अशी, शेजारच्या घरात एकही नाही. ‘घराला काहीतरी लागलंय’ असं वाटायला याहून जास्त काय हवं?

नायजेरियातले इग्बो लोक आईला छळण्यासाठी पुन्हा पुन्हा जन्म घेऊन मरणाऱ्या मुलाला ओग्बांजे म्हणतात. चिनुआ अचेबेंच्या 1958च्या कादंबरीत अशी एक मुलगी आहे. या समजुतीमागे सिकलसेल असावा असं काही संशोधकांनी सुचवलं आहे. गंमत अशी की भारतातला सिकलसेल आफ्रिकेतून आलेला नसावा असं बरेच संशोधक मानतात, यावर वाद असला तरी. त्यांच्या मते तोच बदल इकडे स्वतंत्रपणे घडला. टिकला मात्र मलेरियामुळे, कारण ज्याच्याकडे असं एकच जनुक असतं त्याला गंभीर मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. म्हणजे जंगल, डास आणि ताप यांनी दोन खंडांत एकच दुखणं टिकवलं, आणि दोन्हीकडच्या आयांनी एकच प्रश्न विचारला. ओग्बांजेच्या उत्तरात दोष त्या येणाऱ्या-जाणाऱ्या जिवाचाच असतो, शेजारणीचा नसतो. उत्तर असंही असू शकतं.

डॉक्टरचं उत्तर काय? आई आणि बाप दोघेही वाहक, म्हणजे असं एकच जनुक असलेले, असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. तीन मुलं ठणठणीत आणि चौथं आजारी, किंवा पहिलीच दोन आजारी, काहीही होऊ शकतं. ‘पण यालाच का?’ या प्रश्नावर विज्ञान म्हणतं, सोंगटी तशी पडली. हे उत्तर खरं आहे आणि आईच्या मनाला काहीच देत नाही. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तपासणी वाढली, हातात कार्ड आलं. पण ते कार्ड दाखवताना दोष दोघांकडून सारखा आलाय हे सासरच्यांना पटवणं, हे काम रक्त तपासण्याहून अवघड आहे. नाहीतर करणीच्या जागी ‘पांढऱ्या पायाची सून’ येऊन बसते.

मण्यारीचंही तसंच. धानाच्या दिवसांत लोक जमिनीवर झोपतात, मण्यार रात्री चावते, दात इतके बारीक की खूण सापडत नाही, वेदनाही नसते. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते, मग श्वास. ‘हवा लागली’ म्हणून झाडफूक करणाऱ्याकडे नेलं की वाचवण्याचे तास तिथेच जातात. आणि साप प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असं नसल्यामुळे काही रोगी झाडफुकीनंतर उठूनही बसतात. मांत्रिकाची कीर्ती त्या कोरड्या दंशांवर चालते.

बोट कुणाकडे जातं, हे मात्र दोन्ही खंडांत ठरल्यासारखं आहे. टांझानियाच्या सुकुमा भागात डोळे लाल असलेल्या म्हाताऱ्या बायकांना चेटकीण म्हणून मारलं गेलं. ते डोळे वर्षानुवर्षं चुलीच्या धुराने लाल झालेले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्दला, ऑगस्ट 2021मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना चौकात बांधून मारहाण झाली. त्यात म्हातारी माणसंही होती. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात, बारसेवाड्यात, 1 मे 2024 रोजी एक बाई आणि एक पुरुष यांना जाळून मारण्यात आलं. बळी बहुधा एकटे, वयस्कर, भांडणात मागे कुणी नसलेले. ज्याच्या मागे माणसं आहेत अशा सावकारावर करणीचा आळ आल्याचं क्वचितच ऐकू येतं.

अझांदेंकडे याला एक पळवाट होती. मांगू कुणाची हे विचारून विष पाजलेली कोंबडी मेली आणि कौल लागला, की तिचा पंख त्या संशयिताकडे पाठवत. तो तोंडात पाणी घेऊन पंखावर फवारायचा आणि म्हणायचा, माझ्या पोटात मांगू असेल तर मला ठाऊक नाही, ती थंड होवो. भांडण तिथेच निवायचं, निदान बऱ्याच वेळा. या प्रथेला मी सोन्याचा मुलामा देत नाही, कौल खोटाच होता. पण आरोपीला मान राखून सुटता येत होतं. आमच्याकडच्या चौकात तेवढंही उरत नाही.

कायदे दोन्हीकडे आहेत. दक्षिण आफ्रिकेचा 1957चा कायदा वसाहती वळणाचा: कुणाला चेटक्या म्हणणंच गुन्हा. लोकांची तक्रार अशी, की सरकार चेटक्यांच्या बाजूने आहे. छत्तीसगडने 2005मध्ये टोनही प्रताडना निवारण कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा बरीच वर्षं रखडला होता. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात कायदा संमत झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद, 5,000 ते 50,000 रुपये दंड. तो श्रद्धेला हात लावत नाही, अनुसूचीतल्या कृत्यांना लावतो. एखाद्याला करणी करणारा ठरवणं त्यात आहे, आणि साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून रोखणंही आहे. हा शहाणपणा मला महत्त्वाचा वाटतो.

अडचण अंमलाची. कायद्याने नेमलेला दक्षता अधिकारी ठाण्यात बसतो, आणि गावातली कुजबुज आधी पोचते ती आशाताईकडे आणि पोलीस पाटलाकडे. मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात 2024च्या डिसेंबरअखेरीस 77 वर्षांच्या एका बाईला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून तिची धिंड काढल्याचा गुन्हा नोंदला गेला. आरोपींमध्ये गावचा पोलीस पाटीलही होता.

(पुढच्या भागात : कोंबडीचा कौल, आणि तो चुकला तरी लोकांचा विश्वास का टिकतो)