मारायचं मनात नव्हतं, तरी गुन्हा?

समजा, उसाचा हंगाम आहे. रात्री ट्रॅक्टरचं टायर फुटलं. ड्रायव्हरनं दोन्ही ट्रॉल्या रस्त्यावरच उभ्या केल्या नि तो गावात माणूस बघायला गेला. मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही, झाडाची फांदीसुद्धा टाकली नाही. मागून मोटरसायकल आली. ट्रॉली दिसली नाही. माणूस जागीच गेला.

ड्रायव्हर म्हणतो, “साहेब, मी तर तिथं नव्हतोच. मी कुणाला मारलं?”

तो खोटं बोलत नाही. मारायचं त्याच्या मनात नव्हतं, म्हणून हा खून नव्हे. पण कायदा आणखी एक गोष्ट विचारतो : जेवढी काळजी घ्यायला हवी होती, तेवढी तू घेतलीस का? घेतली नाही आणि त्यामुळेच माणूस मेला, तर तो गुन्हा आहे. मग गाडी चालती असो की उभी.

हा गुन्हा जुनाच आहे. १८७० साली दंड संहितेत ३०४-अ हे कलम आलं. त्याला जास्तीत जास्त दोन वर्षं कैद होती, किंवा नुसता दंड. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १०६ व्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड आहे. मात्र माणूस मेला म्हणजे ड्रायव्हर दोषीच, असं नाही. तो बेताने चालला होता आणि कुणी एकाएकी चाकाखाली आलं, तर तो सुटतो. हयगय झाली हे सरकारला सिद्ध करावं लागतं.

दारू पिऊन चालवलं तर गोष्ट आणखी वाढते. १२ नोव्हेंबर २००६ ला मुंबईत कार्टर रोडवर एका तरुणाची मोटार फूटपाथवर चढली. तिथं मजूर झोपले होते. सात जण मेले. खालच्या कोर्टानं सहा महिने दिले. हायकोर्टानं तीन वर्षं केली. २०१२ साली सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. पिऊन असं चालवलं तर माणसं मरतील हे त्याला ठाऊक होतं, असं कोर्टानं धरलं. तो सदोष मनुष्यवध झाला. त्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गावात मात्र वेगळंच घडतं. तेरावा होत नाही तोच गाडीमालक येतो. “दादा, झालं ते झालं. हे पैसे घ्या, मिटवून टाका.” घरात कमावतं माणूस उरलेलं नसतं. मोह होतो. पण हा गुन्हा दोघांनी आपसांत मिटवायचा नाही; कायद्यात तशी सोयच नाही. फिर्याद सरकार चालवतं.

भरपाई ही निराळी बाब. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागायची. विमा असेल तर रक्कम विमा कंपनी देते. फौजदारीत ड्रायव्हर सुटला, तरी हा दावा चालू शकतो. दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत लावा. मालकानं पुढं केलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नका. तुम्हांला आता वाचता येतं. ज्यानं फिर्याद दिली त्याला तिची नक्कल पोलिसांकडून फुकट मिळते. ती, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा दाखला, हे कागद एका पिशवीत जपून ठेवा.