मोहाची पेढी रानातच
बियाणे-पेढी म्हणजे बियांची बँक. तिरोड्याकडचे देशी धान नीट वाळवून दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीसारखे उणे १८ अंशांवर ठेवले, तर ते वर्षानुवर्षे उगवणक्षम राहते. पण नागझिऱ्याच्या रानातल्या मोहाचे काय? त्याचे बी फार वाळले की मरते. ते पावसाच्या तोंडावर पडते आणि ताजे असतानाच रुजते. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला, की कोवळी रोपे जळतात. तेलासाठी टोळी, म्हणजे मोहाचे बी, सगळीच वेचली, तर रुजायला काय उरणार? म्हणून मोहाची पेढी रानातच हवी. पाला पेटवण्याऐवजी झाडून काढावा, थोडी टोळी झाडाखाली राहू द्यावी आणि काही ताजे बी लगेच पिशव्यांत लावावे. जुन्या मोहाची जागा घेणारे रोप असेच तयार होईल.