पाकीटबंद शेतमालासाठी बारकोड

चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी व मावळ तालुका इंद्रायणी तांदळासाठी प्रसिद्ध आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात कारखान्यांबरोबर वस्ती वाढली आणि मोठी किरकोळ विक्रीची दुकानेही निघाली. आपला तांदूळ, पापड अथवा मसाला पाकिटात भरून या दुकानांत ठेवावा, असे अनेक शेतकरी व बचत गटांस वाटते. अशा वेळी दुकानदार बहुधा बारकोड मागतो. म्हणून पाकिटे छापण्यापूर्वीच त्याची माहिती करून घेणे हितावह आहे.

पाकिटावरील काळ्या उभ्या रेघा म्हणजे त्यांखाली छापलेल्या तेरा अंकी क्रमांकाचेच यंत्रास वाचता येणारे रूप होय. त्यांत मालाची किंमत अथवा प्रत दर्शविलेली नसते. यंत्राने क्रमांक वाचला की, दुकानाच्या संगणकात त्यापुढे नोंदलेले नाव व दर बिलावर उमटतात. अशी पहिली विक्री २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाली.

भारतात हे क्रमांक जी. एस. वन इंडिया ही संस्था देते. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या पुढाकाराने १९९६ साली ती स्थापन झाली. तिने दिलेल्या क्रमांकाचा आरंभ ८९० या अंकांनी होतो. अर्ज संगणकावरून करता येतो. शुल्क वार्षिक उलाढालीवर व हव्या असलेल्या क्रमांकांच्या संख्येवर अवलंबून असते. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते.

काही मध्यस्थ थोड्या पैशांत सुटे क्रमांक देऊ करतात. त्यांच्या रेघा यंत्र वाचतेही. परंतु नोंद पाहता क्रमांक दुसऱ्याच्याच नावे निघाल्यास दुकान माल नाकारू शकते आणि छापलेली पाकिटे वाया जातात. सबब, क्रमांक गटाच्या अथवा कंपनीच्या स्वतःच्या नावेच घ्यावा.

पुढील गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे :

(१) प्रत्येक मालास व प्रत्येक वजनास निराळा क्रमांक द्यावा. एक किलो व पाच किलो तांदळाच्या पिशव्यांवर एकच क्रमांक छापल्यास पाच किलोचे बिल एका किलोच्या दराने होईल.

(२) शेवटचा अंक पडताळ्याचा असतो. डावीकडून सम स्थानांवरील अंकांची बेरीज तिप्पट करून तीत विषम स्थानांवरील अंक मिळवावेत. उदाहरणार्थ, ८९००००० १२३४५ या बारा अंकांची अशी बेरीज ६८ येते. ती ७० करण्यास २ लागतात, म्हणून तेरावा अंक २ होय.

(३) रेघा पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या छापाव्यात. लाल रेघा यंत्रास दिसत नाहीत. पूर्ण आकाराच्या संकेताच्या डावीकडे सुमारे ४ व उजवीकडे अडीच मिलिमीटर जागा कोरी ठेवावी.

(४) सुट्या कांद्यास वा भाजीस असा क्रमांक घेण्याचे कारण नाही. तोलल्यावर दुकान स्वतःची चिठ्ठी लावते.

बारकोड ही मालाच्या शुद्धतेची हमी नव्हे. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी वा परवाना आणि पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत इत्यादी मजकूर ही कायद्याची बंधने वेगळी आहेत. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ही बाब गटांच्या बैठकीत समजावून सांगावी, आणि पहिले पाकीट छापून आल्यावर ते दुकानातील यंत्रावर वाचून पाहिल्याखेरीज उर्वरित पाकिटे छापू नयेत, असा आग्रह धरावा.