मोटर बंद, प्रेस चालू

भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये काम कसं चालतं? पत्रा आत सरकवायचा, पेडल दाबायचं, वरून रॅमचा ठोका बसला की जॉब बाहेर काढून पुढचा पत्रा आत. पाळी संपेपर्यंत हेच. बोटं जातात ती अशा कामात, आणि माझ्या पाहण्यात तरी पहिल्या दिवशी नव्हे. पहिल्या दिवशी माणूस घाबरून असतो. हात बसला, वेग आला की धोका वाढतो.

अशाच एका शॉपमधलं सुरक्षा प्रशिक्षण मी जवळून पाहत आलो आहे. शिकवणारे टूल सेटर आहेत, उभा जन्म डाय म्हणजे साचे बसवण्यात गेलेला. पोरं त्यांना काका म्हणतात. पूर्वी हे प्रशिक्षण कँटीनमध्ये व्हायचं. भिंतीवर स्लाइड, सूचना वाचून दाखवायच्या, शेवटी हजेरीपटावर सह्या. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, शपथ. शपथ घ्यावीच, पण अडकलेला जॉब कसा काढायचा, हे शपथेत नसतं.

काकांचा वर्ग मशीनपाशीच भरतो. पाच-सहा जणांहून जास्त पोरं ते घेत नाहीत, कारण मागे उभा राहिलेल्याला काही दिसत नाही. सगळे पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे. डाय रिकामी. काका मोटर बंद करतात, आवाज उतरतो. "आता हात घातला तर चालेल?" माना हलतात. "बंद है ना, काका," बिहारहून आलेला एक पोरगा म्हणतो.

काका पेडल दाबतात. रॅम धाडकन खाली येतो.

दोघंतिघं मागे सरतात. मग काका बाजूचं जड फ्लायव्हील दाखवतात. ते अजून फिरतंय. मोटर फक्त त्या चाकाला गती देते, ठोका मारायची ताकद चाकात साठलेली असते. ते पूर्ण थांबेपर्यंत सगळ्यांना तिथंच उभं करून बघायला लावतात आणि स्वतः एक शब्द बोलत नाहीत. तो वेळ पोरांना फार लांबतो. मला या सगळ्या प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो, कारण थांबायचं किती ते सांगून कळत नाही.

हात दिसताच प्रेस थांबवणारा सेन्सर, म्हणजे लाइट कर्टन, लावला की काम झालं, असं अनेक मालकांना वाटतं. जुन्या पिन क्लचच्या प्रेसवर ते खरं नाही. पिन एकदा गुंतली की रॅम फेरा पूर्ण करूनच थांबतो, मधे अडवता येत नाही. हात दिसल्यावर मशीनला थांबताच येत नसेल, तर लाइट कर्टन काय करणार? म्हणून इथे डायभोवती पक्की जाळी आहे, पत्रा जाईल एवढीच फट ठेवलेली, आणि जॉब उचलायला चिमटा. जाळी काढून ठेवायची आणि कामगाराला 'लक्ष देऊन काम कर' म्हणायचं, याला मी प्रशिक्षण म्हणणार नाही.

"समजलं का?" असं काका विचारत नाहीत, त्याचं उत्तर 'हो'च येतं. "करून दाखव," म्हणतात. जॉब अडकलाय असं धरून चालायचं. मोटर बंद. चाक थांबेपर्यंत थांब. मेन स्विचला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. रॅमखाली ठोकळा. मग चिमटा. लातूरकडचा एक पोरगा ठोकळा विसरून थेट चिमट्याला हात घालायला गेला, तर काकांनी त्याचं मनगट धरलं आणि पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. रागावले नाहीत. हिंदी बोलणाऱ्याला हिंदीत, मराठीवाल्याला मराठीत.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम १११ए आलं. सुरक्षिततेचं प्रशिक्षण, आणि तेही शक्यतो कारखान्यातच मिळणं, हा त्यात कामगाराचा हक्क ठरला. मालकाने हौसेने करायची ही गोष्ट नव्हे, हे कायद्याने तेव्हाच सांगितलं होतं. कामगारांना मात्र कोणी ते सांगत नाही. काका सांगतात.

वर्गातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्या बिहारच्या पोरानेच विचारला. "इतना सब करेंगे, तो टार्गेट?" काकांनी उत्तर दिलं नाही, सुपरवायझरकडे पाहिलं. त्यांनाही लगेच बोलता आलं नाही, आणि हे बरंच झालं. तोंडदेखलं उत्तर पोरांना लगेच ओळखू येतं. पुढे मालकाशी बोलून ठरलं, की अडकलेला जॉब काढण्यात गेलेला वेळ वहीत लिहायचा आणि टार्गेटमधून वजा करायचा. वही आता प्रेसपाशीच टांगलेली असते. कुठली डाय वारंवार अडकते, हेही तिच्यातून कळायला लागलं आणि त्यातली एक डाय दुरुस्तीला गेली.

रात्रपाळीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ठेकेदार नवी पोरं कुठल्याही पाळीला पाठवतो आणि काका फक्त दिवसा असतात. रात्रीसाठी एका जुन्या ऑपरेटरला ते तयार करताहेत. तोवर रात्री आलेल्या नव्या पोराला पॅकिंगला घ्यायचं, प्रेसवर बसवायचं नाही, एवढं काकांनी सुपरवायझरकडून लेखी घेतलं आहे.