रंग काहीच लपवत नाही

मागच्या भागात आपल्या घरगुती कॅम्पर ट्रेलरच्या प्लायवुडवर फायबरचं कापड आणि इपॉक्सी बसवलं. आज बाहेरची बाजू सपाट करायची.

आधी माझी फजिती ऐका. हाताला गुळगुळीत लागतंय म्हणून मी थेट चकचकीत पांढरा रंग मारला. ट्रेलर उन्हात काढला, तर अंगभर लाटाच लाटा! दोन रविवार सगळं खरवडण्यात गेले.

तर क्रम असा. इपॉक्सी वाळल्यावर वर कधीकधी मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने धुवा, नाहीतर पुढचा थर नीट धरत नाही. मग इपॉक्सीत मायक्रोबलून, म्हणजे काचेचे पोकळ बारीक गोळे, कालवून लांबी करा आणि खळग्यांत भरा. ही लांबी हलकी असते, घासायलाही सोपी.

80 नंबरचा पॉलिश पेपर लांब फळीवर चिकटवा आणि तिरका घासा. नुसता हात खळग्यात उतरतो. लांब फळी फक्त उंचवटे कापते. कापडाची वीण दिसली की थांबा, पावसापासूनचं कवच तेच आहे. आणि मास्क हवाच.

आता काळ्या स्प्रेचा हलका फवारा मारून पुन्हा घासा. काळं उरलं तिथे खळगा. तो भरा, परत घासा. मग 120, 180, प्रायमर, शेवटी 320.

रात्री मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला टेकवून आडवा धरा. सावली दिसतेय? मग रंगाचा डबा अजून उघडू नका!